सोनटक्क्याची लागवड: सावली पाहिजे, अंधार नको

कोंकणांत न्हाणीच्या सांडपाण्यावर सोनटक्क्याचे चार गड्डे लावून ठेवण्याची रीत जुनी आहे. हें झाड आपोआप वाढतें अशी समजूत असल्यामुळें त्याच्या जोपासनेकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. प्रस्तुत लेखकाचीहि तीच समजूत होती, व तिच्यापायीं घरचें जुनें बेणें हातचें जाण्याची वेळ आली. तो अनुभव बागाईतदार बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून येथें देत आहें.

महसूल खात्यांतील कारकुनीमुळें माझें आयुष्य बदलीच्या गांवीं गेलें. पेन्शन घेऊन घरीं आलों तेव्हां मातोश्रींनीं लाविलेला सोनटक्का दाट माजला होता, परंतु त्यास फूल येईनासें झालें होतें. मातोश्री हयात नव्हत्या. भाद्रपदांत गौरीस याच झाडाचें फूल वाहण्याचा त्यांचा परिपाठ मात्र चालविणें प्राप्त होतें. ऊन मिळाल्यास फुलें येतील असें मानून पावसाळा सरतांच मीं सर्व गड्डे विहिरीच्या कांठीं उघड्यावर लाविले. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत पानें करपलीं व बहुतेक कोंब वाळले. उरलेले पुढील पावसांत दाट फणसाखालीं नेले, तों खोडें उंच व बारीक होऊन लवलीं आणि फूल एकहि आलें नाहीं. शेवटीं जिवंत कंद तीनच राहिले.

तेव्हां शेजारचे एक वृद्ध बागाईतदार म्हणाले, "भाऊसाहेब, सोनटक्क्यास सावली लागते खरी, पण अंधार नव्हे. सकाळचें ऊन द्या, दुपारचें टाळा." हेंच या लागवडीचें सार होय.

सोनटक्का हा आलें, हळद व वेलदोडा यांच्या कुळांतील आहे. पूर्व हिमालयाच्या बाजूच्या ओलसर, झाडीच्या प्रदेशांत तो मूळचा वाढतो. म्हणून त्यास ओल व विरळ सावली मानवते. त्याच्या शास्त्रीय नांवांतील हेडिकियम हा शब्द ग्रीक भाषेंतील 'गोड' व 'हिम' या अर्थाच्या शब्दांपासून बनला आहे. क्यूबा देशानें तर इ. स. १९३६ मध्यें या परक्या फुलास आपलें राष्ट्रीय फूल मानिलें.

जागा: घराची पूर्व बाजू, अथवा नारळी-सुपारीच्या बागेंतील उजेडाचा पट्टा उत्तम. जमीन भुसभुशीत व ओल धरणारी असावी, परंतु पाणी साचून कुजेल अशी नसावी. न्हाणीचें पाणी चालतें. कपडे धुतलेलें सोड्याचें पाणी मात्र वळवून लांब न्यावें.

लावणी: मृगाच्या सुमारास, दोन-तीन डोळे असलेले कंदाचे तुकडे शेणखत मिसळलेल्या मातींत दोन-तीन इंच खोल, आडवे लावावे. दोन तुकड्यांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावें. वर पालापाचोळ्याचें आच्छादन घालावें.

निगा: एक खोड एकदांच फुलतें. फुलोरा संपतांच तें जमिनीलगत कापून टाकावें, म्हणजे नव्या फुटव्यांस उजेड व जागा मिळते. उन्हाळ्यांत ओल तुटूं देऊं नये. तीन-चार वर्षांनीं गड्डे उकरून, जुने पोकळ कंद काढून, तरणे तुकडे पुन्हां लावावे. आमच्या मातोश्रींचें झाड फुलेना याचें कारण हीच दाटी होती; मीं मात्र दोष सावलीस दिला.

कीड: मधलें पान सुकून खोडास छिद्र व त्यांतून भुसा दिसल्यास खोडकिडा समजावा. तें खोड बुडापासून कापून जाळावें. पाणी साचून कंद मऊ पडल्यास तो भाग काढून टाकावा व निचरा करावा.

तोडणी: फूल संध्याकाळच्या सुमारास उमलतें व लवकर कोमेजतें. यास्तव फुगलेल्या कळ्या दुपारनंतर खुडून ओल्या पानांत बांधाव्या. बाजार जवळ असेल तरच विक्रीचा विचार करावा. लांब धाडल्यास माल वाटेंतच माना टाकतो.

एक इशारा द्यावयाचा राहिला. उकरलेले जादा कंद ओढ्याकांठीं फेंकूं नयेत. तेथें ते रुजून दाट माजतात व मूळच्या वनस्पतींस जागा उरत नाहीं. हवाई बेटांत व ब्राझीलमध्यें असाच उपद्रव झाला आहे. जादा बेणें शेजाऱ्यांस द्यावें, नको असलेलें वाळवून जाळावें.

वरील रीतीनें लाविलेल्या तीन कंदांस दुसऱ्या पावसाळ्यांत फुलें आलीं, व गौरीचा परिपाठ पुन्हां सुरू झाला. ज्या वृद्ध शेजाऱ्यांनीं युक्ति सांगितली, त्यांच्याहि परसांत त्याच बेण्याचा एक तुकडा आतां लाविला आहे. घरचें बेणें एकाच जागीं राखूं नये, हा धडा मला पेन्शनींत मिळाला. वाचकांनीं तो आधींच घ्यावा.