देवदूतांची उतरंड आणि आपली जागा

पुरात अडकलेल्या म्हातारीला खांद्यावर घेऊन बाहेर काढणारा पोलीस, रात्री दोन वाजता रक्त द्यायला धावत आलेला अनोळखी मुलगा, अपघातातल्या जखमीला भाडं न घेता दवाखान्यात पोचवणारा रिक्षावाला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा ठरलेला: ‘देवदूत बनून आला!’ आमच्या पलसाण्यात घरात मराठी, बाजारात गुजराती, मिलमध्ये हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी अशी भाषांची खिचडी आहे. पण हा शब्द मराठीत आणि गुजरातीत अगदी तोच. हिंदीत गेला की त्याचा ‘फरिश्ता’ होतो, आणि हिंदी बायबलात ‘स्वर्गदूत’.

पेपरवाले हा शब्द सहज वापरतात, पण त्यात ते बायबलच्या बरेच जवळ जातात. कसे, ते सांगण्यासाठी हा लेख. देवदूत म्हणजे नक्की कोण, त्यांच्यात लहानमोठं असतं का, आणि त्या सगळ्यात माणसाची जागा कुठे, हे तीन प्रश्न घेऊन चालू या.

दूत हे काम आहे

हिब्रू भाषेत शब्द आहे ‘मलाख’ आणि ग्रीकमध्ये ‘अँगेलोस’. दोन्हींचा अर्थ साधा: निरोप घेऊन जाणारा. आपल्या जुन्या मराठीत जासूद किंवा हलकारा म्हणायचे, तसा. उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात याकोबाला वाटेत देवाचे ‘मलाख’ भेटतात आणि लगेच पुढे तो आपला भाऊ एसाव याच्याकडे स्वतःचे ‘मलाख’ पाठवतो. पहिले देवदूत, दुसरे त्याची माणसं. मूळ शब्द एकच! लूकच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पाठवलेल्या माणसांनाही ‘अँगेलोस’ हाच शब्द आहे.

आपण साहित्याचे विद्यार्थी, त्यामुळे ‘दूत’ शब्द आपल्याला नवा नाही. कालिदासाने ढगाला दूत केलं, हनुमानाला आपण रामदूत म्हणतो. दूताचं मोठेपण त्याच्या स्वतःत नसतं. त्याला कोणी पाठवलं आणि निरोप काय आहे, यात असतं. संत ऑगस्टीनने हेच सांगून ठेवलंय: ‘देवदूत’ हे त्यांच्या कामाचं नाव आहे, स्वभावाचं नाही. स्वभावाने ते आत्मे आहेत. म्हणून रिक्षावाल्याला देवदूत म्हणणं कामाच्या अर्थाने चुकीचं नाही. स्वभावाच्या अर्थाने मात्र तो शंभर टक्के माणूसच राहतो. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

शरीर नाही, मग पंख कुठून आले?

कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे देवदूत निव्वळ आत्मिक आहेत. त्यांना बुद्धी आहे, इच्छा आहे, शरीर नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने देवाने आत्मिक आणि शारीरिक अशा दोन्ही सृष्टी निर्माण केल्या असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे देवदूतही निर्माण झालेलेच. ते छोटे देव नव्हेत. त्यांना सगळं ठाऊक नसतं. जगाच्या शेवटाचा दिवस स्वर्गातल्या दूतांनाही माहीत नाही, असं खुद्द येशू म्हणतो (मत्तय २४).

आणि पंख? आपल्या डोळ्यांसमोर ख्रिसमस कार्डावरची गोबऱ्या गालांची पोरं येतात. शास्त्रात चित्र फार वेगळं आहे. यशयाच्या सहाव्या अध्यायात ‘सराफीम’ दिसतात, सहा-सहा पंखांचे. दोन पंखांनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय, आणि दोहोंनी उडणारे. (आपल्या सराफ बाजाराशी यांचा संबंध नाही! हिब्रू ‘साराफ’ म्हणजे जळणं.) मिस्सेत आपण तीनदा ‘पवित्र’ म्हणतो, ते त्यांच्याच तोंडचं. यहेज्केलला दिसलेल्या करुबांना चार तोंडं: माणसाचं, सिंहाचं, बैलाचं आणि गरुडाचं. एदेन बागेच्या दारावर अग्नीच्या तलवारीसोबत पहारा देतात तेही करूबच. बाळसेदार वगैरे कोणी नाही.

उलट जे निरोप घेऊन येतात त्यांना बहुतेक वेळा पंख नसतातच. अब्राहामाकडे भर दुपारी आलेले तिघं साधे वाटसरू दिसत होते. त्याने पाय धुवायला पाणी दिलं, जेवू घातलं. लूकने मरियेकडे आलेल्या गाब्रिएलचं वर्णन केलंय, त्यातही पंखांचा उल्लेख नाही. बहुतेक वेळा पहिले शब्द ‘भिऊ नको’ असे असतात, यावरून काय ते समजा.

नऊ पायऱ्या कोणी मोजल्या?

आता उतरंडीकडे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘देवदूतांचे नऊ गण’ आपण ऐकतो. पण बायबलमध्ये अशी नऊ जणांची यादी एका जागी कुठेच नाही. तुकडे विखुरलेले आहेत. करूब उत्पत्तीत आणि यहेज्केलमध्ये, सराफीम यशयात. पौलाच्या नावाने असलेल्या कलस्सैकरांस पत्रात राजासने, प्रभुत्वे, सत्ता, अधिकार असे शब्द येतात. इफिसकरांस पत्रात जवळपास तशीच, पण क्रम वेगळा असलेली यादी. ‘आद्यदेवदूत’ हा शब्द नव्या करारात फक्त दोनदा आहे: थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात आणि यहूदाच्या पत्रात. त्यातही नावानिशी आद्यदेवदूत म्हटलंय ते एकट्या मिखाएलला.

हे तुकडे एका मांडणीत बसवले डायोनिशियस या नावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने, साधारण इसवी सन ५०० च्या सुमारास. त्याने तीन-तीनचे तीन थर केले. वरच्या थरात सराफीम, करूब, राजासने. मधल्या थरात प्रभुत्वे, सामर्थ्ये, अधिकार. खालच्या थरात सत्ता, आद्यदेवदूत आणि देवदूत. पुढे पोप संत ग्रेगरी यांनी नऊच गण ठेवले, पण ‘सामर्थ्ये’ आणि ‘सत्ता’ यांच्या जागांची अदलाबदल केली. कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात यावर गोड चिमटा काढलाय: ग्रेगरी स्वर्गात पोचल्यावर त्यांना खरा क्रम दिसला आणि ते स्वतःवरच हसले! संतांमध्येच ज्यावर एकमत नाही, ती यादी म्हणजे श्रद्धेचा सिद्धांत नव्हे. देवदूत आहेत, हा श्रद्धेचा भाग. त्यांचा नेमका नंबर, ही विचारवंतांची मांडणी.

नावांचंही तसंच. चर्चने तीनच नावं मान्य केली आहेत, कारण तीच शास्त्रात आहेत. मिखाएल म्हणजे ‘देवासारखा कोण?’, गाब्रिएल म्हणजे ‘देव माझं सामर्थ्य’, राफाएल म्हणजे ‘देव बरं करतो’. राफाएल तोबितच्या पुस्तकात भेटतो, जे आपल्या कॅथलिक बायबलात आहे. युरिएल वगैरे नावं आपल्या बायबलबाहेरच्या ग्रंथांतली. इंटरनेटवर ‘तुमच्या जन्मतारखेचा देवदूत’ सांगणारे रील फिरतात, त्यांना यात काहीही आधार नाही.

वर कोण, खाली कोण?

आमच्या भागात डाइंग-प्रिंटिंगच्या मिला आहेत. तिथे उतरंड म्हटली की शेठ, मॅनेजर, मास्टर, मुकादम आणि सगळ्यात खाली कारागीर. हुकूम वरून येतो, घाम खाली गळतो. त्यामुळे देवदूतांचे नऊ थर ऐकले की मनात तेच चित्र उभं राहतं. आणि आपल्या देशात ‘जन्माने वरचा-खालचा’ हे चित्रही फार लांब नसतं.

पण डायोनिशियसचं म्हणणं नीट वाचलं तर गोष्ट उलटी आहे. वरच्याला जो प्रकाश मिळतो तो त्याने खालच्याला द्यायचा, त्यासाठीच तो वर. साठवायला नाही, वाटायला. आणि थॉमस अक्वायनस, ज्यांना चर्च ‘देवदूतांसारखा आचार्य’ म्हणतं, ते तर अजून पुढे जातात. देवदूतांना शरीर नाही, म्हणून जन्म नाही, वंश नाही. त्यामुळे प्रत्येक देवदूत ही स्वतःच एक वेगळी जात, असं ते सांगतात. म्हणजे जितके देवदूत तितक्या जाती. माणसांत मात्र जात एकच, माणूस! मला वाटतं, चर्चमध्ये येऊनही आडनावावरून घराणं ओळखू पाहणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

शिवाय नऊच्या यादीत मिखाएल आणि गाब्रिएल यांचा गण आठवा, म्हणजे शेवटून दुसरा. माणसाजवळ येणारे, निरोप देणारे, हात धरून चालणारे सगळे खालच्या दोन पायऱ्यांवरचे. आणि इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय म्हणतो की तारण मिळवणाऱ्यांच्या सेवेसाठी पाठवलेले आत्मे, एवढीच सगळ्या देवदूतांची ओळख. प्रकटीकरणात योहान एका देवदूताच्या पाया पडायला जातो तेव्हा तो दूत त्याला अडवतो आणि म्हणतो, मीही तुझ्यासारखाच दास आहे.

माणूस मेल्यावर देवदूत होतो का?

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका मावशीचं चार महिन्यांचं बाळ गेलं. बाप्तिस्मा झालेला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, ‘रडू नको, आता ती देवदूत झाली.’ व्हॉट्सॲपवर पंख लावलेला तिचा फोटोही फिरला. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. काही आठवड्यांनी मावशीने मला हळूच विचारलं, ‘तू हे सगळं वाचतेस ना गं? देवदूत झाली म्हणजे मग ती माझी राहिली नाही का?’

त्या प्रश्नासाठी वर सांगितलेला फरक लागतो. देवदूताला आई नसते. त्याला शरीर नसतं, बारसं नसतं, नाव ठेवणारी आत्या नसते. माणूस मेल्यावर त्याचा स्वभाव बदलून तो देवदूत होतो, असं चर्च कधीच शिकवत नाही. पुनरुत्थानात माणसं देवदूतांसारखी असतील असं येशू म्हणाला, ते मरण आणि लग्न यांबाबत. ती देवदूत होतील असं नाही. आपण पंथवाक्यात ‘शरीराचं पुनरुत्थान’ म्हणतो, त्याचा अर्थच हा की ती मुलगी तीच राहणार, तिच्या चेहऱ्यासकट, तिच्या नावासकट, मावशीची मुलगी म्हणून. मी मावशीला एवढंच सांगितलं. देवदूत होण्यापेक्षा हे जास्त आहे, कमी नाही.

जास्त कसं? देवाचा पुत्र देवदूत झाला नाही, माणूस झाला. कलस्सैकरांस पत्रातली राजासनं आणि प्रभुत्वं त्याच्या पायाशी आहेत. पौल करिंथकरांना तर लिहितो की आपण देवदूतांचा न्याय करू. आणि नासरेथची एक साधी मुलगी आज ‘देवदूतांची राणी’ म्हणून जपमाळेनंतरच्या स्तुतिमालेत आळवली जाते. मुंबईत माहीमचं चर्च संत मायकलच्या नावाचं आहे, पण दर बुधवारी लोटणारी गर्दी नोव्हेनासाठी, मरियेकडे येते. मिखाएलला त्याचं वाईट वाटत नसावं. त्याच्या नावातच उत्तर आहे.

१६१६ साली फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्यात स्वर्गाला शब्द आहे ‘वैकुंठ’. इंग्लंडहून आलेल्या माणसाने आपल्या लोकांना आपल्याच ओवीत निरोप पोचवला. कामाच्या अर्थाने पाहिलं तर तोही दूतच.

२९ सप्टेंबरला मिखाएल, गाब्रिएल आणि राफाएल यांचा सण येतो आणि २ ऑक्टोबरला रक्षक देवदूतांचा. त्या दिवशी मिस्सेला गेलात तर पंख शोधू नका. इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो की परक्यांचं आतिथ्य करताना काहींनी नकळत देवदूतांना घरात घेतलंय. दारात आलेल्या माणसाला पाणी विचारा, तेवढं पुरे.