ग्रहणाचा दोष नाही, आईचाही नाही

बाळाला डाऊन सिंड्रोम असल्याचे कळले की घरात पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो : ग्रहणात काय चिरलंस? उमरेडला दवाखाना चालवताना मी हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे. एका चोवीस वर्षांच्या सुनेने तर रडत सांगितले, ‘‘डॉक्टरसाहेब, मी ग्रहणात घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं.’’

वाचकहो, आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना ती निम्मी, म्हणजे २३, व्हावी लागतात. ही वाटणी होईपर्यंत गुणसूत्रे एकत्र बांधून ठेवते ते ‘कोहेसिन’ नावाचे प्रथिन. मिरचीच्या पोत्याची सुतळीच म्हणा ना! गाठ वेळेआधी सुटू नये म्हणून राखण करणारे दुसरे प्रथिनही आहे. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ साली त्याला ‘शुगोशिन’, म्हणजे रक्षक देवता, असे नाव दिले.

पुरुषात शुक्रजंतू सतत नवे तयार होतात. स्त्रीची बीजे मात्र ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि या गाठीही तेव्हाच पडतात. पस्तिशीत गर्भ राहिला तर सुतळी पस्तीस वर्षांहून जुनी! वयाबरोबर स्त्रीबीजातले कोहेसिन घटते, असे २०१० साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. गाठ सैल पडली की वाटणी चुकते. २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन झाली की डाऊन सिंड्रोम होतो, हे पॅरिसमध्ये १९५९ साली दाखवले गेले.

आईचे वय विशीत असताना असे बाळ साधारण दीड हजारांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. म्हणजे धोका कोणत्याही वयात शून्य नाही. जादा गुणसूत्र बहुतेकदा आईकडून येते, कधी वडिलांकडूनही. त्या सुनेच्या सासूबाईंना मी एवढेच म्हटले, ‘‘आजी, ही गाठ सूनबाई जन्मण्याआधीची आहे.’’ त्या गप्प झाल्या. पटले की नाही, देव जाणे.

अशा बाळाच्या हृदयाची इको तपासणी लवकर करावी, कारण जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष आढळतो. थायरॉइडही तपासावे. बाळाची गुणसूत्र चाचणी जरूर करावी. क्वचित गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला निघतो; तेव्हा आईवडील दोघांनाही तपासावे लागते. पुढच्या खेपेला अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सोनोग्राफी व रक्ततपासणीसाठी यावे, आणि नवऱ्यालाही सोबत आणावे.