गाण्याचें भित्तिपत्रक

गाणें कानांनीं ऐकावयाचें खरें. पण श्रोत्यास मैफलीच्या दारापर्यंत आणण्याचें काम डोळ्यांकडे असतें. भिंतीवरील पत्रकापाशीं वाटसरू क्षणभरच थांबतो. तेवढ्यांत कोण गाणार, कोठें आणि केव्हां हें त्यास उमगलें नाहीं, तर गवयाची वर्षांची तयारी रिकाम्या खुर्च्यांपुढें सादर होते.

कोल्हापुरास ही विद्या नवी नाहीं. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), यांनीं आनंदराव पेंटर यांच्या जोडीनें प्रथम संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. पुढें 'सैरंध्री' (१९२०) सारखे मूकपट काढतांना त्यांच्या जाहिरातींचीं चित्रेंही त्यांनींच काढलीं. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चें त्यांचें भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पत्रकांपैकीं एक मानलें जातें.

त्या काळच्या शिळाछापांत प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड लागे आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढे. आज हें काम संगणकावर फोटोशॉप किंवा विनामूल्य मिळणारी गिम्प अशा प्रणालींतून होतें. तेथेंही तत्त्व तेंच आहे. तळाशीं पार्श्वभूमीचा थर, त्यावर तंबोऱ्याचा, सर्वांत वर अक्षरांचा. एका थरांत फेरफार केला तरी बाकीचे अबाधित राहतात. म्हणून थर वेगळे ठेवणें ही पहिली शिस्त होय.

दुसरी गोष्ट रंगांची. पुष्कळ रंग ओतल्यानें चित्र खुलतें, हा गैरसमज आहे. तेज उत्पन्न होतें तें विरोधांतून. नारिंगी तंबोरा गर्द निळ्या पार्श्वभूमीवर उजळतो. पिवळ्यावर तोच फिका पडतो. एका रंगास पत्रकाचा मोठा भाग द्यावा, दुसऱ्यास थोडा, तिसरा केवळ ठिपक्यापुरता वापरावा. तसेंच लावणीच्या फडास शोभणारा भडक गुलाबी ख्यालाच्या मैफलीस शोभेलच असें नाहीं. ज्या नगरींत खाँसाहेब अल्लादियाखाँ दरबार-गायक होते, तेथील श्रोत्यास हा भेद सांगावा लागत नाहीं. रंगांची पारख करण्याची एक सोपी युक्ति आहे: चित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहावें. अक्षरें पार्श्वभूमींत बुडालीं, तर रंगांची निवड चुकली असें समजावें.

तिसरी गोष्ट अक्षरांची. गायकाचें नांव रस्त्याच्या पलीकडून वाचतां आलें पाहिजे. त्याखालोखाल दिवस, वेळ व स्थळ. दोहोंपेक्षां अधिक वळणांचीं अक्षरें एकत्र आणूं नयेत. देवनागरींत अक्षरें फार विरळ केलीं तर शिरोरेषा तुटते, आणि ओळी दाटीनें बसविल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतो. मुक्ता, बलू असे चांगले टंक आज विनामूल्य मिळतात.

शेवटीं छपाई. संगणकाचा पडदा प्रकाशानें रंगतो, कागद शाईनें. म्हणून पडद्यावरचा झगमगता हिरवा कागदावर मंदावतो. एक नमुना-प्रत छापून पाहिल्याखेरीज सर्व प्रती काढूं नयेत. २९७ × ४२० मिलिमीटरच्या कागदास दर इंचीं ३०० ठिपके धरल्यास चित्र सुमारें ३५०८ × ४९६१ ठिपक्यांचें असावें लागतें. मोबाइलवर फिरून आलेलें लहान छायाचित्र तेवढें ताणलें कीं चेहरा फुटतो. कडेनें तीन मिलिमीटर रंग जास्त ठेवावा, म्हणजे कापतांना पांढरी रेघ उरत नाहीं.

आणखी एक सूचना, दिसावयास क्षुल्लक. पत्रकावर वार व तारीख असते, पण सन बहुधा नसतो. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. १९१५ सालीं उभें राहिलेलें, पुढें केशवराव भोसले यांचें नांव मिळालेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत सांपडलें. सूर तर हवेंतच विरतो. अशा वेळीं कोणाच्या तरी पेटींत घडी करून ठेवलेलें पत्रकच सांगतें, कीं अमुक सायंकाळीं येथें अमुक गाइला होता. म्हणून सन अवश्य लिहावा, आणि एक प्रत जपून ठेवावी.