अंबर (सुगंध)

अंबर हा अत्तरनिर्मितीतील एक मिश्रगंध आहे. तो कोणत्याही एका पदार्थाचा नैसर्गिक वास नसून लॅबडॅनम, लोबान आणि व्हॅनिला यांच्या मेळातून तयार होतो. उबदार, गोडसर, राळेसारखा आणि किंचित चामड्याची छटा असलेल्या या गंधाला दालचिनी, लवंग, वेलदोडा यांची जोड दिली असता त्यास ‘मसालेदार अंबर’ म्हणतात.

नाव

मूळ अरबी शब्द ‘अन्बर’ हा स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबरग्रीस या पदार्थाचा वाचक आहे. पुढे युरोपीय भाषांत तोच शब्द तृणमणी, म्हणजे वृक्षांच्या राळेचे जीवाश्म, यासाठीही रूढ झाला. सामान्य तापमानाला तृणमण्यास जवळजवळ वास नसतो. अंबर सुगंधात सहसा या दोहोंपैकी काहीच नसते. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण ‘व्हेलची उलटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबरग्रीसचा व्यापार भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे. महाराष्ट्रातही अशा तस्करीची प्रकरणे उघडकीस आली आहेत.

घटक

लॅबडॅनम ही भूमध्य सागरी प्रदेशातील सिस्टस या झुडपाची चिकट राळ होय. झुडपांत चरणाऱ्या बोकडांच्या दाढीला चिकटलेली राळ गोळा केली जात असल्याचा उल्लेख ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने केला आहे. लोबान ही स्टायरॅक्स वृक्षांची राळ आहे. व्हॅनिलाचा मुख्य गंधघटक व्हॅनिलिन १८७४ मध्ये टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिमरीत्या तयार केला. त्यामुळे हा गोडवा पुढे स्वस्तात उपलब्ध झाला.

त्वचेवरील विकास

सुगंधातील घटक आपापल्या बाष्पनशीलतेनुसार उडून जातात. आरंभी बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गीय फळांचा ताजा, तीव्र वास येतो. तो साधारण पाव ते अर्ध्या तासात ओसरतो. त्यानंतर मसाले आणि गुलाबासारखी फुले पुढे येतात. अखेरीस राळ आणि व्हॅनिला यांचा मऊ, त्वचेलगतचा गंध उरतो. तो कित्येक तास, तर कापडावर अनेक दिवसही टिकतो.

त्वचेची ऊब बाष्पीभवन वाढवते, तर तेलकटपणा गंध धरून ठेवतो. त्यामुळे कोरड्या त्वचेवर तोच सुगंध लवकर विरतो. सतत वास घेतल्याने नाकाची संवेदना बोथट होते आणि लावणाऱ्याला सुगंध संपल्यासारखा वाटतो. इतरांना मात्र तो जाणवत असतो. म्हणून कागदी पट्टीवरील पहिल्या काही क्षणांच्या वासावरून अंबर सुगंधाची पारख करता येत नाही.

प्रसिद्ध उदाहरणे व वर्गीकरण

झाक गेरलँ यांच्या ‘शालिमार’ (१९२५) या सुगंधात बर्गमॉट आणि एथिल व्हॅनिलिन यांचा ठळक मेळ आढळतो. त्याचे नाव मोगल उद्यानावरून घेतलेले आहे. ‘ओपियम’ (१९७७) हे मसालेदार अंबराचे ठळक उदाहरण होय. हा वर्ग पूर्वी ‘ओरिएंटल’ म्हणून ओळखला जाई. पूर्वेकडील भिन्न संस्कृतींना एकाच साच्यात बसवणारी ही संज्ञा आक्षेपार्ह ठरू लागल्याने सुगंधतज्ज्ञ मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ मध्ये आपल्या वर्गीकरणात तिच्या जागी ‘अंबर’ ही संज्ञा स्वीकारली.

दक्षता

दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतील युजेनॉल यांमुळे काहींच्या त्वचेला खाज वा पुरळ येऊ शकते. त्यामुळे प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडासा सुगंध लावून पाहणे श्रेयस्कर ठरते.