बेल रॉक : ओहोटीच्या तासांत उभा राहिलेला मनोरा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ बंदरापासून सुमारे अठरा किलोमीटर आत, उत्तर समुद्रात, लाल वालुकाश्माचा एक लांबट खडक आहे. उधाणाच्या ओहोटीला तो जेमतेम तीन-चार फूट डोके वर काढतो. भरती चढली की त्याच्यावर सुमारे बारा फूट पाणी येते आणि वरून पाहणाऱ्याला तिथे खडक असल्याचा पत्ताही लागत नाही. या खडकाचे नाव बेल रॉक. फोर्थ आणि टे या दोन मोठ्या खाड्यांत शिरणाऱ्या जहाजांच्या ऐन वाटेवर तो पसरलेला आहे.

या खडकाने किती गलबते बुडवली याची पुरती नोंद कुणाकडे नाही. आर्ब्रोथच्या मठाधिपतीने खलाशांना सावध करण्यासाठी तिथे घंटा टांगली होती आणि एका चाच्याने ती तोडून नेली, अशी दंतकथा किनाऱ्यावर सांगितली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर मात्र या खडकावर ना घंटा होती ना दिवा.

डिसेंबर १७९९ मध्ये तीन दिवस चाललेल्या वादळात स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे सत्तर जहाजे फुटली. ती सगळी काही बेल रॉकवर आपटली नव्हती. फोर्थच्या खाडीत आसरा घेतला असता तर त्यांतली कितीतरी वाचली असती. पण अंधारात खाडीचे तोंड शोधायला जावे, तर बेल रॉक नेमका कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. त्या धास्तीने कप्तानांनी खाडी टाळली, आणि वाऱ्याने जहाजे दुसरीकडच्या कड्यांवर नेऊन आदळली. जो खडक त्यांनी पाहिलाही नव्हता, त्याच्या भीतीने ही माणसे बुडाली.

एवढे होऊनही सरकार हलले नाही. दीपगृहासाठीचे विधेयक १८०३ मध्ये संसदेत गेले आणि उमरावांच्या सभागृहात अडले. मग जानेवारी १८०४ मध्ये ‘यॉर्क’ ही चौसष्ट तोफांची युद्धनौका उत्तर समुद्रात नाहीशी झाली. तिच्यावर ४९१ माणसे होती. एकही परत आला नाही. ती बेल रॉकवरच फुटली, असे तेव्हा सर्वांनी धरले. कोळशाची आणि धान्याची गलबते बुडत होती तोवर जे घडले नाही, ते आता घडले. १८०६ मध्ये कायदा झाला, सरकारी कर्ज मिळाले आणि या वाटेने जाणाऱ्या जहाजांवर टनामागे कर बसवून ते फेडायचे ठरले.

हे दीपगृह व्हावे म्हणून रॉबर्ट स्टीव्हन्सन १८०० पासून धडपडत होता. त्याचा जन्म १७७२ चा. वडील तो तान्हा असतानाच गेले. सावत्र वडील टॉमस स्मिथ एडिंबरोत दिव्यांचा धंदा करत आणि स्कॉटलंडच्या दीपगृह मंडळाचे अभियंते होते. त्यांच्या हाताखाली रॉबर्ट तयार झाला. ऑक्टोबर १८०० मध्ये तो बेल रॉकवर उतरला आणि दगडी मनोराच हवा असे मत घेऊन परतला. मंडळाला मात्र त्याचा अनुभव तोकडा वाटला. मुख्य अभियंता म्हणून नामवंत जॉन रेनी यांना नेमले गेले आणि स्टीव्हन्सनकडे जागेवरची देखरेख आली. रेनींनी बुंध्याचा घेर वाढवण्यासारख्या मोलाच्या सूचना केल्या. खडकावर मात्र ते फार थोड्या वेळा आले. श्रेय कुणाचे, यावर पुढे दोन्ही घराण्यांच्या मुलांनी बराच वाद घातला.

दोघांपुढे नमुना एकच होता : जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये पुरे केलेले इंग्लंडचे एडिस्टोन दीपगृह. पण एडिस्टोनचा खडक भरतीत जेमतेम पाण्याखाली जातो. बेल रॉकवर काम करायचे तर एका ओहोटीला फार तर चार तास मिळत. भांगाच्या दिवसांत खडक नीट उघडाही पडत नसे. ऑगस्ट १८०७ मध्ये काम सुरू झाले. ऑक्टोबरात हंगाम संपला तेव्हा खडकावर प्रत्यक्ष हत्यार चालल्याचे तास भरले होते सुमारे एकशे तीस.

म्हणून या कामातली प्रत्येक युक्ती तास वाचवण्यासाठी होती. बेचाळीस फूट व्यासाचा पाया खडकात खोदायचा होता आणि टिकाव सारखे बोथट होत. त्यांना धार लावायला किनाऱ्यावर पाठवणे परवडणारे नव्हते, तेव्हा लोहाराची भट्टीच खडकावर नेली. जेम्स डव्ह हा लोहार पाय थंडगार पाण्यात आणि तोंड आगीपाशी, असा उभा राहून काम करी. लाट येऊन भट्टी विझली की त्या दिवसाची धार संपली. रविवारीही काम करावे लागेल असे स्टीव्हन्सनने आधीच सांगितले होते. हे माणसे वाचवण्याचे काम आहे, या त्याच्या म्हणण्याने बहुतेकांचे समाधान झाले. काही पाथरवटांनी मात्र देवाच्या दिवशी हत्यार उचलायला नकार दिला.

२ सप्टेंबर १८०७ चा प्रसंग तर सगळे काम बुडवणारा ठरला असता. त्या दिवशी खडकावर बत्तीस माणसे होती. त्यांना घेऊन आलेल्या ‘स्मीटन’ जहाजाचा नांगर सुटला आणि वाऱ्याने ते दूर गेले. भरती चढू लागली. हाताशी दोन होड्या होत्या आणि समुद्र शांत असतानाही त्यांत चोवीसहून जास्त माणसे मावत नव्हती. पाणी वाढले तसे कारागीर एकेक करून हत्यारे खाली ठेवून आले आणि काही न बोलता स्टीव्हन्सनभोवती उभे राहिले. तो काही सांगायला गेला, पण घशाला इतकी कोरड पडली होती की शब्द फुटेना. खडकातल्या डबक्यातले खारे पाणी तोंडात घ्यायला तो वाकला, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडले, ‘होडी! होडी!’ आर्ब्रोथचा वाटाड्या जेम्स स्पिंक टपाल घेऊन आला होता. सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खडकावर जायला मोजकेच कारागीर पुढे आले.

असे पुन्हा होऊ नये म्हणून खडकावरच राहण्याची सोय झाली. जाडजूड तुळया खडकात रोवून त्यांच्यावर, लाटांच्या उंचीपलीकडे, लाकडी घर बांधले. पुढच्या हंगामांत कारागीर तिथेच झोपत. खालून समुद्र जाई आणि ओहोटी लागली की शिडीवरून उतरून ते थेट कामावर.

दगड घडवले जात आर्ब्रोथच्या आवारात. बाहेरचा ग्रॅनाइट ॲबर्डीनजवळच्या रुबिस्लॉ खाणीतला, आतला वालुकाश्म डंडीजवळच्या माइल्नफील्डचा. एकूण दगड अडीच हजारांहून अधिक आणि थर नव्वद. प्रत्येक थर आधी आवारातल्या ओट्यावर पूर्ण जुळवून, दगडांवर खुणा घालून मगच समुद्रावर जाई. दगडांचे सांधे खाचेत खाच अडकणारे होते, सुतार टेबलाच्या खणाला करतात तसे; लाट एका दगडाला ओढू लागली तर तिला शेजारच्यांनाही ओढावे लागे. शिवाय एक थर दुसऱ्याला ओकच्या खुंट्यांनी जखडलेला. चुन्यात इटलीची ज्वालामुखीची माती, पोझ्झोलाना, कालवत. ती पाण्याखालीही घट्ट होते. खडकावर उतरलेला दगड पायापर्यंत नेण्यासाठी लोखंडी रूळ टाकले. मनोरा वर चढू लागल्यावर नेहमीची यारी अपुरी पडली, तेव्हा फ्रान्सिस वॉट याने मागच्या बाजूला हलते वजन असलेली, स्वतःचा तोल सांभाळणारी यारी तयार केली. आवारापासून धक्क्यापर्यंतची ने-आण बॅसी नावाच्या घोड्याने केली. दीपगृह पुरे झाल्यावर त्याला इंचकीथ बेटावर चरायला मोकळे सोडले.

पहिला दगड १० जुलै १८०८ ला बसला. पहिले तीस फूट मनोरा भरीव आहे. दरवाजा त्याच्या वर, म्हणजे दोरीच्या शिडीने चढायचे. त्यावर एकावर एक खोल्या आणि शेंड्याला दिवा. एकूण उंची सुमारे ११५ फूट, खर्च सुमारे ६१ हजार पौंड.

खर्चाच्या या आकड्यात न मावणारी किंमतही होती. नांगराच्या बोयाशी काम करताना अठरा वर्षांचा एक खलाशी बुडाला. घरची मिळकत त्याच्यावर होती. म्हणून त्याची जागा त्याच्या धाकट्या भावाला दिली गेली आणि तो त्याच पाण्यावर कामाला आला. १८१० मध्ये लाकडी घरातला एक कारागीर रात्री समुद्रात पडून नाहीसा झाला. या बांधकामाचा वृत्तान्त स्टीव्हन्सनने १८२४ मध्ये ग्रंथरूपाने छापला. त्यात सांध्यांच्या आकृत्यांइतक्याच आस्थेने लोहार, पाथरवट आणि खलाशी नावानिशी आले आहेत. एरवी अशा कामाच्या इतिहासात अभियंत्याचे तेवढे नाव उरते. बेल रॉकची माणसे आपल्याला माहीत आहेत ती या ग्रंथामुळे.

१ फेब्रुवारी १८११ च्या रात्री दिवा लागला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या चोवीस परावर्तकांपुढे तेलाच्या वाती जळत होत्या आणि वजनावर चालणारे घड्याळी यंत्र तो सगळा सांगाडा फिरवत होते. काही परावर्तकांपुढे लाल काच होती, म्हणून खलाशाला आळीपाळीने पांढरा आणि लाल प्रकाश दिसे. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्या दिव्याशी गल्लत होण्याचा प्रश्नच नव्हता. धुके दाटले की तेच यंत्र दोन मोठ्या घंटाही वाजवी.

१८१३ मध्ये आर्ब्रोथला संकेत-मनोरा उभा राहिला. दीपरक्षकांची कुटुंबे तिथे राहत. रोज सकाळी खडकावरून तांब्याचा गोळा वर चढवून ‘सारे ठीक’ कळवले जाई आणि किनाऱ्यावरून तसेच उत्तर मिळे. गोळा दिसला नाही, तर मदतीची होडी निघायची.

दिवा नसेल तर काय होते, हे समुद्राने एकदा पुन्हा दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात शत्रूला वाट दिसू नये म्हणून दीपगृह विझवलेले असे आणि नौदलाने कळवले तरच लावत. ऑक्टोबर १९१५ मध्ये ‘आर्गाइल’ ही युद्धनौका तिकडून जाणार होती. दीपगृहावर बिनतारी यंत्र नव्हते, समुद्र खवळलेला होता, निरोप पोचला नाही. काळोखात आर्गाइल थेट बेल रॉकवर चढली. सुदैवाने तिच्यावरची सगळी माणसे वाचली.

१८११ ची मूळ दिव्याची सामग्री पुढे अटलांटिकपार गेली आणि १८४३ पासून न्यूफाउंडलंडच्या बोनाव्हिस्टा भूशिरावर जळत राहिली. बेल रॉकवरचे शेवटचे दीपरक्षक १९८८ मध्ये उतरले. आता दिवा आपोआप चालतो आणि त्याच्यावर एडिंबरोतून लक्ष ठेवले जाते. यंत्र बदलले, तेल गेले, वीज आली. चिरेबंदी मात्र १८१० ला पुरी झाली तीच आहे. भरतीत ज्यांचा बुंधा पाण्याखाली जातो अशा, आजही वापरात असलेल्या दीपगृहांत बेल रॉक जगातले सर्वांत जुने मानले जाते.