धाराकक्षासाठी एक लहानसे संगीतयंत्र

अनिद्रेने त्रस्त असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेसाठी आम्ही शिरोधारेची योजना केली होती. धारा सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती. श्वास संथ झाला होता, आणि कक्षात तानपुऱ्याचा मंद स्वर भरून राहिला होता. हा स्वर आमच्याच मोबाइलमधून येत होता. अकस्मात तो खंडित झाला आणि कर्ज देऊ करणाऱ्या कोणा अनोळखी इसमाच्या फोनची घंटी दणाणली. बाई दचकल्या, मान हलली, तेल डोळ्यांत गेले. त्या दिवशीचे कर्म तेथेच थांबवावे लागले. जाताना बाई इतकेच म्हणाल्या, "डॉक्टर, झोप लागतच होती हो."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. दोष फोन करणाऱ्याचा नव्हता, आमचा होता. मोबाइल 'फ्लाइट मोड'वर ठेवता आला असता, असे वाचक म्हणतील. परंतु वैद्याचा फोन तासभर बंद राहणे इतर रुग्णांच्या दृष्टीने इष्ट नाही, आणि सहायिकेने रोज आठवणीने तो बंद करावा ही अपेक्षा किती दिवस टिकते, हे आपण सर्व जाणतोच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात, वमन-विरेचनापूर्वी करावयाच्या सिद्धतेमध्ये, गृह, उपकरणे आणि औषधी यांच्याबरोबरच गीत, वाद्य, कथा-आख्यायिका यांत कुशल अशा परिचारकांचाही समावेश केलेला आहे. असे परिचारक आज नेमणे कोणाही सामान्य चिकित्सालयाच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा त्यांची जागा यंत्राने घ्यावयाची, तर ते यंत्र फक्त तेवढेच काम करणारे असावे, या निर्णयाला आम्ही आलो आणि बाजारात निघालो.

निघालो खरे, पण बाजार पार बदललेला होता. १९७९ साली जपानमध्ये 'वॉकमन' आला, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये ५ गिगाबाइटचा पहिला 'आयपॉड' जाहीर झाला, २००५ मध्ये पडदाच नसलेला, केवळ कळांवर चालणारा 'शफल' निघाला. आमच्या कामाला हा शफल आदर्श ठरला असता. परंतु मोबाइलनेच ही सारी घरे गिळली. शफल आणि नॅनो २०१७ मध्ये बंद झाले, आणि २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड टच बंद होऊन ते नावच संपले. जुना शफल कोणी स्वस्तात देऊ केला तरी मोह आवरावा. त्याची बॅटरी वयाने थकलेली असते आणि ती बदलणे सोपे नसते. २०१७ मध्ये आलेला, पाच हजार गाणी आधीच भरलेला 'कारवाँ' घरातील वडीलधाऱ्यांसाठी उत्तम आहे. धाराकक्षात मात्र शब्दप्रधान चित्रपटगीते नकोत, असा आमचा अनुभव. ओळखीचे गाणे लागले की रुग्ण मनातल्या मनात पुढची ओळ म्हणू लागतो.

राहता राहिले ते काडेपेटीएवढे, नावगाव नसलेले, मेमरी कार्डावर चालणारे एमपीथ्री प्लेअर. त्यांतूनच निवड करावी लागते, आणि ती डोळसपणे केली तर हजार-बाराशे रुपयांत काम होते. मात्र दुकानदाराला यंत्र चालू करून दाखवावयास सांगावे. आम्ही पाहिलेल्या दोन यंत्रांमधून चालू करताच एक परदेशी स्त्रीस्वर मोठ्याने स्वागत करीत असे, आणि तो बंद करण्याची सोयच नव्हती. ब्लूटूथच्या स्पीकरांचीही हीच खोड. जोडणी झाली की घोषणा, बॅटरी उतरली की पुन्हा घोषणा. म्हणून आम्ही तारेने जोडावयाचा साधा स्पीकर घेतला. शिरोधारेत इअरफोनचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी गोष्ट कळांची. स्पर्शपडदा तेलाच्या बोटांना दाद देत नाही. आवाज कमी करण्याची कळ न पाहता, केवळ चाचपून सापडली पाहिजे. हे आम्ही दुकानात डोळे मिटून करून पाहिले. दुकानदार हसला, हसू द्यावे.

साठवणुकीच्या आकड्यांनी बुजून जाण्याचे कारण नाही. १२८ किलोबिटचे एमपीथ्री मुद्रण मिनिटाला सुमारे १ मेगाबाइट जागा घेते, ३२० किलोबिटचे सुमारे २.४. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर उत्तम प्रतीचे मुद्रणही दोनशे तासांहून अधिक मावते. आपणास लागतात चार-पाच तास. अनेक स्वस्त यंत्रे ३२ गिगाबाइटपेक्षा मोठे कार्ड ओळखतच नाहीत; शिवाय वेष्टनावर मोठा आकडा छापलेली बनावट कार्डे बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत ठराविक मर्यादेपलीकडे भरलेले सारे नाहीसे होते. तेव्हा लहान कार्डच घ्यावे, आणि ते खात्रीच्या दुकानातून.

सर्वाधिक वेळ आमचा गेला तो आवाजाच्या पातळीत. निरनिराळ्या ठिकाणांहून जमविलेली मुद्रणे एकसारख्या आवाजाची नसतात. बासरी संपून संतूर सुरू होताच रुग्णाच्या पापण्या हलतात. यावर उपाय म्हणजे संगणकावर सर्व मुद्रणांची पातळी आधीच सारखी करून घेणे, किंवा सरळ तासाभराचे एकच मुद्रण वापरणे. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. विलंबित आलाप तेवढाच ठेवला, द्रुत गत आणि झाला काढून टाकला. रसिक मित्रांनी नाके मुरडली.

तिस्रैषणीय अध्यायात मेघगर्जना, पटह इत्यादींचे अतिमात्र श्रवण हा शब्दाचा अतियोग म्हटला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादाही सांगण्याजोगी आहे: प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. रात्री कानांत इअरफोन घालून निजणाऱ्या रुग्णांना हे अवश्य सांगावे. कक्षात मात्र आमचे माप साधे आहे. धारेचा आवाज ऐकू येत राहिला पाहिजे. तो बुडाला तर संगीत मोठे झाले.

यंत्र तेलापासून दूर, वेगळ्या फळीवर ठेवावे. चार्जिंगच्या छिद्रात तेल गेले की दुरुस्ती बहुधा होत नाही. पाठ फुगलेली दिसली तर बॅटरी सुजली असे समजून ते तत्काळ वापरातून काढावे, टोचू वा दाबू नये.

बाई पुढच्या सोमवारी आल्या. सहायिकेने कळ दाबली, आम्ही फोन घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. तेथे तो तीनदा वाजला. धारा संपल्यावर सहायिका दाराशी येऊन हळूच म्हणाली, "सर, बाई झोपल्या आहेत. उठवू का?" पुढच्या रुग्णाला आम्ही अर्धा तास थांबण्याची विनंती केली.