बागेतला ओपन बार: बंदी आहेच, मग बाटली जात का नाही?

हे या आठवड्याच्या भागाचं शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत, सगळे काही निघाले नाहीत.

कोल्हापूरच्या पेपरांत 'ओपन बार' हा शब्द अधूनमधून भेटतोच. कधी एखादं मैदान, कधी तलावाचा काठ, कधी कॉलनीतली बाग. फोटोत रिकाम्या क्वार्टर, प्लॅस्टिकचे ग्लास, चकण्याची पाकिटं. आणि बातमीच्या शेवटी ठरलेली मागणी: उद्यानात मद्यपानास बंदी घाला. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवरही तेच चाललंय. आमच्याकडं घसरगुंडीखालच्या वाळूत काचा सापडल्या, तेव्हापासून बायका पोरांना बागेत सोडेनात. माझी आई सातला फिरायला जायची, आता साडेपाचला जाऊन अंधार पडायच्या आत घरात. तर ग्रुपवर ठरलं की बंदीचा ठराव करून आयुक्तांना निवेदन द्यायचं.

माझं म्हणणं, बंदी मागण्यात अर्थ नाही. ती आहे. पार १९४९ पासून आहे.

कायद्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. आधी मुंबई दारूबंदी अधिनियम म्हणायचे. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणजे आपण आत आलो आणि दारूबंदीचा कायदा झाला, साधारण एकाच सुमाराला. गंमत अशी की हा कायदा कधी रद्द झालाच नाही. गल्लोगल्ली वाईन शॉप दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की महाराष्ट्रात दारू खुली आहे, बंदी फक्त वर्धा आणि गडचिरोलीत. तसं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डिफॉल्ट म्हणतो, ते इथं 'नाही' असं आहे, आणि परवाना हा अपवाद. दारू बाळगायला आणि प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी दारूचा परवाना ५ रुपयांना, आयुष्यभराचा १००० रुपयांना. बिअरसाठी वय २१ पूर्ण, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. आता बागेत कोपऱ्यात बसलेल्या चौघांपैकी किती जणांच्या खिशात तो कागद असेल, तुम्हीच सांगा. आणि कागद असला तरी त्यानं बागेच्या बाकड्यावर बाटली उघडायची मुभा मिळत नाही.

मग अडतंय कुठं? इथं जरा बारकाईनं बघावं लागतं.

सार्वजनिक जागेतल्या दारूसाठी नेहमी हाताशी येतं ते या कायद्याचं कलम ८५. रस्ता, सार्वजनिक जागा, किंवा जिथं लोकांना जाता येतं अशी कुठलीही जागा. बाग त्यात आलीच. पण तिथं गुन्हा कसला? दारूच्या नशेत स्वतःवर ताबा नसणे, नशेत गैरवर्तन करणे, किंवा परवाना नसताना नशेत सापडणे. तिन्हीत एक गोष्ट समान आहे बघा. कायदा माणसाच्या नशेकडं बघतोय, बाटलीकडं नाही. आणि आपली तक्रार असते बाटलीची. ती फुटते, तिची काच पोराच्या पायात जाते. चार लोक गोलात बसलेत एवढ्यानंच एखादी मुलगी वाट बदलते. त्या चौघांतला कुणी झिंगलेला असो वा नसो.

नशा झालीय हे सिद्ध करायचं तर वैद्यकीय तपासणी आली. पोलिसांना तो अधिकार कलम १२९-अ मध्ये आहे. रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल सापडलं तर कायद्याचं पारडं आरोपीविरुद्ध झुकतं. पण त्यासाठी काय करावं लागतं? गाडी, दोन पोलीस, आपल्याकडं म्हणजे सीपीआर, तिथली रांग, डॉक्टरांचा कागद, परत ठाणं, मग गुन्हा, मग कोर्टाची तारीख. एका बाकड्यावरच्या चौघांसाठी अख्खी संध्याकाळ गेली. तोपर्यंत दुसऱ्या बागेतून फोन. यात पोलिसांचा आळस असेलही, नसेलही. पण ही पद्धतच एवढी जड आहे की ती रोज वापरता येणार नाही. मग हवालदार काय करतो? शिट्टी मारतो, दोन शिव्या घालतो, उठवतो. ते चौघं वीस मिनिटांत पलीकडच्या बागेत.

कुणीतरी ग्रुपवर विचारलं, धाब्यांवर कारवाई होते ती कलमं लावा की. ती कलमं ६८ आणि ८४, दारूच्या अड्ड्याची. पण अड्डा म्हणजे काय, हे कायद्यातच लिहिलंय: जागेचा मालक किंवा ती चालवणारा आपल्या फायद्यासाठी लोकांना तिथं पिऊ देतो ती जागा. धाबेवाल्याला ते बसतं. बागेचा मालक महापालिका. तिला त्यातून मिळतात फक्त काचा.

शिक्षा वाढवा हा दुसरा नेहमीचा उपाय. २०२० च्या सुरुवातीला गडकिल्ल्यांवर पिणाऱ्यांबद्दल गृहविभागाचं परिपत्रक आलं तेव्हा बातम्या अशा होत्या जणू नवा कायदाच झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत. मूळ कलम तेच, ८५. आपल्याला पन्हाळा अर्ध्या तासावर आहे, त्यामुळं कोल्हापुरात त्याचं अप्रूप जास्त. हेतू चांगला, वादच नाही. पण माझ्या मते शिक्षा जितकी मोठी, तितका ती लावणाऱ्याचा हात आखडतो. बाकड्यावर बिअर पिणाऱ्या पोराला सहा महिने आत टाकायला कुणालाच नको वाटतं, तक्रार करणाऱ्यालासुद्धा.

आता दुसरी बाजू. आमच्या बागेत बसणाऱ्यांतल्या एका रंगकाम करणाऱ्या दादांशी मी बोललो. त्यांना म्हटलं, दादा, इथंच का? ते म्हणाले, "घरात पोरगी दहावीला हाय. तिच्यासमोर बाटली उघडू काय? आणि परमिट रूमला बसलो तर निम्मी हजेरी तिथंच जाती." यातला हजेरीचा हिशोब खरा आहे. वाईन शॉपमधून छापील किमतीत क्वार्टर घेणं आणि तीच परमिट रूममध्ये बसून घेणं यात मोठा फरक. शिवाय परमिट रूममधल्या बिलावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. जुलै २०२५ मध्ये बारवाल्यांनी राज्यभर बंद पाळला, त्यात हे एक कारण होतं. म्हणजे सरकारच एका हातानं बसून प्यायची जागा महाग करतंय, दुसऱ्या हातानं बाटली विकायचे परवाने देतंय. विकत घ्यायला परवानगी, प्यायला जागा नाही. ज्याच्याकडं गच्ची आहे, फार्महाऊस आहे, त्याला हा प्रश्नच नाही. बागेतल्या बंदीचा फटका कुणाला बसणार, हे लक्षात ठेवून बोललेलं बरं.

तरीपण मी बंदीच्याच बाजूनं आहे. त्या दादांची अडचण खरी, पण त्यांच्यासमोर घराव्यतिरिक्त आणखी दोन-चार जागा तरी आहेत. पाच वर्षांच्या पोराला कॉलनीत बाग एकच असते.

मग करायचं काय? शेजारी गोवा बघा. दारूच्या बाबतीत गोव्याला कुणी कडक म्हणणार नाही. तिथून येणारी बाटली आपल्या जिल्ह्यात पकडल्याची बातमी तर आपण नेहमी वाचतो. त्या गोव्यानं २०१९ च्या जानेवारीत पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिणं, बाटल्या फोडणं, स्वयंपाक करणं याला दंड लावला. एकट्याला २००० रुपये, घोळक्याला १०,०००. इथं प्रश्न नशेचा नाही, त्या जागी तुम्ही काय करताय याचा आहे. रक्त तपासायची गरज नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये आणखी हलकी पद्धत आहे. २०१४ च्या कायद्यानं तिथल्या स्थानिक परिषदांना एखादी बाग किंवा चौक ठरवून तिथं दारूवर निर्बंध घालता येतात. तिथं पिणं हा थेट गुन्हा नाही. अधिकारी म्हणतो, बंद करा, बाटली इकडं द्या. दिली तर विषय संपला. नाही दिली तर तो गुन्हा, आणि १०० पौंडांपर्यंत जागेवर दंड. मला हे फार आवडलं. रोज वापरता येईल एवढं ते सोपं आहे.

आपल्याकडं हे होऊ शकतं का? महापालिका अधिनियमाखाली महापालिकेला उपविधी करता येतात, राज्य सरकारची मंजुरी घेऊन. थुंकणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला महापालिका जागेवर दंड करतातच. त्याच धर्तीवर बागेत उघडी बाटली दिसली की जप्त, दंड आणि पावती. पावती महत्त्वाची. नाहीतर ती वसुली होईल, आणि कुणाच्या खिशात जाईल ते सांगायला नको.

पण दंड करणारा माणूस बागेत हवा ना! इथं दुसरी गोची. त्याच अधिनियमात पाणी, गटार, रस्ते ही महापालिकेची बंधनकारक कामं आहेत, आणि बागा ऐच्छिक कामांत मोडतात. पैसे कमी पडले की आधी कुठं कात्री लागणार ते उघड आहे. रखवालदार जातो, मग दिवा बंद पडतो, मग फाटकाचं कुलूप. त्यात कोल्हापूर महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. गल्लीतला दिवा गेला तर कुणाचं दार वाजवायचं हेच लोकांना कळत नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता निदान दार तरी आहे.

एक गैरसमज जाता जाता. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान बागेसाठी नाही, दुकानासाठी आहे. वॉर्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की ती प्रक्रिया सुरू होते. बागेच्या फाटकासमोरच दुकान असेल तर तो रस्ता जरूर बघा, पण त्यानं बाकडं रिकामं होईलच असं नाही.

तर आम्ही निवेदनातलं 'बंदी घाला' हे वाक्य काढलं. त्याऐवजी तीन गोष्टी लिहिल्या: मागच्या कोपऱ्यातले दोन दिवे, संध्याकाळी सहा ते दहा रखवालदार, आणि उघड्या बाटलीवर जागेवर दंडाचा उपविधी. ग्रुपवरचे एक काका नाराज झाले, म्हणाले यात जोर नाही. त्यांना 'कठोर कारवाई' हवी होती. शेवटी ते शब्द एका ओळीत घातले, तेवढं चालतंय.

सोबत मी १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्जही टाकलाय: गेल्या तीन वर्षांत शहरातल्या कुठल्या बागेत कलम ८५ खाली किती गुन्हे नोंदले, आणि त्यातल्या किती जणांना शिक्षा झाली. कायद्यानं ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की आकडे इथंच टाकतो. तुमच्या शहरात कुणी असा अर्ज केला असेल तर मला पाठवा, शेजारी ठेवून बघू.